चित्रपटाचा शेरा आणि दारावरचा माणूस

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, ग्रॅच्युइटीवर बोलावे. सिनेमाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. संबंध असा की, सिनेमागृहाच्या दारावर उभा राहून तिकिटे फाडणारा डोअरकीपर हा कामगार आहे. पडद्यावर काम करणारे पोर हेही कायद्याच्या दृष्टीने काम करणारे पोरच आहे. आणि दिवसभर विड्या वळून संध्याकाळी घरातल्या मुलाच्या हातात मोबाइल पाहणारी बाई तर आमच्या संघटनेची सभासदच आहे. चित्रपटाला वयाचा जो शेरा मिळतो तो मुंबईसारख्या शहरात एका बंद खोलीत ठरतो, पण त्याचा भार येऊन पडतो तो अशा माणसांवर. तो शेरा कसा ठरतो, कोणाला बांधतो आणि कोठे येऊन पांगळा होतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी वकील नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. कायद्याची पुस्तके वाचली ती गरजेपोटी. तेव्हा भाषा साधी राहील.

चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर काही क्षण एक कागद दिसतो. त्या वेळी आपण अंधारात खुर्ची शोधत असतो, मागच्याला पाय आवरायला सांगत असतो, आणि तो कागद निघून जातो. तो कागद म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र. त्यावर चित्रपटाचे नाव असते, भाषा असते, लांबी असते आणि ठळक अक्षरांत शेरा असतो. जुन्या प्रमाणपत्रांच्या डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात कधी कधी एक लहानसा त्रिकोण दिसे. तो काही शोभेचा नव्हे. या चित्रपटाला कात्री लागलेली आहे, अशी ती खूण. कात्री कोठे लागली त्याची यादी प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असते, पण तो भाग प्रेक्षकाला कोण दाखवितो?

आपण या मंडळाला अजूनही 'सेन्सॉर बोर्ड' म्हणतो. १९८३ पर्यंत त्याचे नाव खरोखरच केंद्रीय चित्रपट सेन्सॉर मंडळ होते. त्या वर्षी 'सेन्सॉर' हा शब्द जाऊन 'प्रमाणन' आला. पाटी बदलली, पण एकाच टेबलावर दोन वेगळी कामे चालू राहिली. एक काम असे की, हा चित्रपट कोणत्या वयाच्या माणसाने पाहावा हे ठरवावयाचे. दुसरे असे की, अमुक दृश्य, अमुक शब्द कोणीच पाहू-ऐकू नये असे ठरवून तो काढावयास लावावयाचा. पहिले काम चाळणी लावण्याचे, दुसरे कात्री चालविण्याचे. धान्य चाळताना बारीक कण खाली जातो, मोठा वर राहतो, पण कोठ्यातून काहीच नाहीसे होत नाही. कात्रीने कापलेले मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. वर्तमानपत्रांत वाद होतात ते बहुधा कात्रीचे. चाळणीकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. आणि गोरगरिबांच्या उपयोगाची आहे ती चाळणीच.

इतिहास पाहिला तर कात्री आधी आली, चाळणी पुष्कळ नंतर. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला तेव्हा या देशात चित्रपट तपासणारे कोणी मंडळच नव्हते. ब्रिटिश सरकारने १९१८ साली कायदा केला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे मंडळे बसली. मुंबईच्या मंडळाच्या अध्यक्षस्थानी पोलीस कमिशनर असे, यावरून सरकारला काळजी कशाची होती ते ध्यानात यावे. १९२१ साली कोहिनूर कंपनीने 'भक्त विदुर' काढला. त्यातला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रास प्रांतात तो बंद पाडण्यात आला. त्या काळी उत्तरे दोनच होती: दाखवा, किंवा दाखवू नका. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. आपल्याकडे येणारे चित्रपट इतर शहरांतल्या मंडळांनी पास केलेलेच येत. त्या पास करण्यात वयाचा विचार नव्हता. सात वर्षांचे पोर आणि सत्तर वर्षांचा म्हातारा यांना एकच माप.

इंग्लंडात मात्र १९१३ पासूनच दोन वेगळे शेरे होते. आपल्याकडे ही कल्पना स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या दुरुस्तीने आली. सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. पुढे १९५१ साली सर्व देशाचे एक मंडळ झाले आणि १९५२ साली आजही चालू असलेला चित्रपट कायदा आला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. 'हे कोणीच पाहू नये' असे म्हणण्याऐवजी 'बाळ, हे तू अजून पाहू नकोस' असे म्हणण्याची सोय त्याने झाली. पहिल्या वाक्यात सरकार सगळ्यांचाच बाप होऊन बसते. दुसऱ्यात निदान मोठ्या माणसाला मोठे समजले जाते.

आता शेऱ्यांचा अर्थ नीट पाहू, कारण येथेच फार गोंधळ आहे. 'यू' म्हणजे कोणीही पाहावा. 'ए' म्हणजे ज्याला अठरा वर्षे पुरी झाली त्यानेच पाहावा. 'एस' हा शेरा एखाद्या व्यवसायापुरता, म्हणजे केवळ डॉक्टरांसाठी वगैरे. तो आपल्या वाट्याला सहसा येत नाही. हा 'एस' आणि मधला 'यूए' १९८३ पासून लागू झाले. 'यूए'चा अर्थ मूळचा असा होता की, चित्रपट सर्वांना खुला आहे, मात्र बारा वर्षांखालील मुलाला दाखवावा की नाही याचा विचार पालकांनी करावा. बारा हा आकडा फार ढोबळ होता. सहा वर्षांच्या पोराला भुताची भीती वाटते ती अकरा वर्षांच्याला वाटत नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलाचे प्रश्न अगदीच वेगळे असतात. श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ साली या मधल्या पायरीचे तुकडे करण्याची शिफारस केली होती. २०२३ च्या दुरुस्तीने ते झाले, आकडे मात्र वेगळे आले: यूए ७ अधिक, यूए १३ अधिक, यूए १६ अधिक. त्याचे नियम २०२४ च्या मार्चमध्ये आले. जुन्या चित्रपटांवर जुना नुसता 'यूए' अजून दिसेल.

माझ्या ओळखीच्या पुष्कळ सुशिक्षित माणसांना वाटते की, 'यूए १६ अधिक' म्हणजे सोळा वर्षांखालच्या मुलाला आत सोडावयाचे नाही. तसे नाही. 'यूए'च्या तिन्ही पायऱ्या म्हणजे पालकांना दिलेली सूचना आहे, बंदी नव्हे. दहा वर्षांचा मुलगा 'यूए १६ अधिक'च्या खेळाला गेला तर डोअरकीपरने त्याला अडविलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. दारावर अडविण्याचे बळ सामान्य माणसाच्या दृष्टीने एकाच अक्षरात आहे, ते म्हणजे 'ए'. बाकी सर्व निर्णय आईबापांच्या पदरात टाकलेला आहे.

हा शेरा देतो कोण? मंडळाची कचेरी मुंबईत आहे आणि देशभर नऊ विभागीय कार्यालये आहेत. मराठी चित्रपट साधारणतः मुंबईत तपासला जातो. मंडळाचे सभासद स्वतः रोज चित्रपट पाहत बसत नाहीत. त्यासाठी सल्लागारांची यादी असते. तिच्यात शिक्षक, वकील, लेखक, समाजकार्यकर्ते अशी माणसे असतात. १९८३ च्या नियमांनी बसविलेली रीत अशी की, मोठ्या लांबीच्या चित्रपटासाठी यादीतले चार सल्लागार आणि मंडळाचा एक अधिकारी अशी पाच जणांची परीक्षण समिती बसावयाची, आणि तीत स्त्रिया असल्याच पाहिजेत. खेळ संपला की प्रत्येकाने आपले मत लेखी द्यावयाचे: कोणता शेरा, का, आणि काही काढावयाचे असल्यास काय. निर्मात्याला ते मान्य नसेल तर अधिक माणसांची पुनरीक्षण समिती तोच चित्रपट पुन्हा पाहते.

त्यांनी पाहावयाचे तरी काय? १९९१ च्या डिसेंबरमध्ये सरकारने काढलेली मार्गदर्शक सूत्रे याला आधार आहेत. त्यांतले सर्वांत शहाणपणाचे सूत्र असे की, चित्रपटाचा विचार एकंदर परिणामाने करावा, एखादे दृश्य उचलून नव्हे. आणि तो ज्या काळातला व ज्या समाजाचा आहे तो ध्यानात घ्यावा. मारामारी आहे का एवढाच प्रश्न नसून, मारामारीची गोडी लावली आहे की तिची किंमत दाखविली आहे, हा प्रश्न आहे. कागदावर हे सरळ दिसते. पण पाच माणसे पाच घरांतून आलेली असतात. एकाला शिवी ऐकून कान झाकावेसे वाटतात, दुसऱ्याला तीच शिवी खाणीवर रोज ऐकू येणारी बोली वाटते. कोणते जग 'सर्वांसाठी' म्हणावयाचे याचे उत्तर त्या खोलीत कोण बसले आहे यावर बरेच अवलंबून राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ख्वाजा अहमद अब्बास यांचे आहे. अब्बास मूळचे पानिपतचे, पण त्यांची सारी हयात मुंबईत वर्तमानपत्रांत आणि चित्रपटांत गेली. 'धरती के लाल'मध्ये त्यांनी बंगालच्या दुष्काळातला शेतकरी दाखविला, 'शहर और सपना'मध्ये फूटपाथवर संसार मांडणारे जोडपे दाखविले. १९६८ साली त्यांनी 'चार शहर एक कहानी' हा छोटा माहितीपट काढला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांत एका बाजूला उंच इमारती व मोटारी, आणि दुसऱ्या बाजूला त्या इमारती बांधणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या लोकांचे जिणे, अशी त्याची मांडणी होती. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. त्यांत ओंगळ काही नव्हते. दारिद्र्य बाईला कोठे नेऊन सोडते एवढे दाखविले होते. मंडळाने सांगितले, याला 'ए' देऊ. सरकारकडे दाद मागितली तर उत्तर आले, ही दृश्ये काढा, मग 'यू' देऊ.

अब्बासांनी ते नाकारले आणि सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सुनावणी चालू असताना सरकारनेच माघार घेतली आणि एकही दृश्य न काढता 'यू' देण्याची तयारी दाखविली. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी अर्जात दुरुस्ती मागून मूळ प्रश्नच उभा केला: पुस्तक आधी तपासले जात नाही, वर्तमानपत्र आधी तपासले जात नाही, मग चित्रपटच का? पाच न्यायाधीशांच्या पीठाने २४ सप्टेंबर १९७० रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी तो लिहिला. चित्रपटाचा मनावर होणारा परिणाम इतर कलांपेक्षा खोल असतो, विशेषतः लहान मुलांवर, म्हणून आधी तपासणे आणि 'यू' व 'ए' असे गट पाडणे घटनेला धरून आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्याच निकालात, लैंगिक विषय म्हणजे अश्लीलता असे समीकरण मांडू नये, कलाकृतीचे मोल पाहावे, आणि दाद मागण्यासाठी सरकारपेक्षा स्वतंत्र जागा असावी, असाही आग्रह होता.

या खटल्यातली मेख माझ्यासारख्याला अशी दिसते. 'ए' हा शेरा मुलांच्या रक्षणासाठी आहे. परंतु ज्या वस्तीत मुले रोज वाढतात तीच वस्ती पडद्यावर आली की तिला 'प्रौढांसाठी' म्हणावयाचे, याचा अर्थ काय? कामाठीपुऱ्यात राहणाऱ्या मुलीला तिची गल्ली पाहण्यासाठी अठरा वर्षे थांबावे लागणार होते. आणि चित्रपटाला 'ए' मिळाला की शाळांत तो दाखविता येत नाही, कुटुंबे येत नाहीत, गल्ला घटतो. म्हणजे कात्री न लावताही चित्रपटाचा आवाज बारीक करता येतो. पुष्कळ निर्माते 'यूए' मिळावा म्हणून स्वतःच्या हाताने दृश्ये काढून देतात. तो सौदा कोणत्याच यादीत 'सक्ती' म्हणून नोंदला जात नाही. आमच्याकडे राजीनामा 'स्वेच्छेने' लिहून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

दाद मागण्याच्या स्वतंत्र जागेचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. १९८३ साली अपील न्यायाधिकरण बसले. एखाद्या लहान निर्मात्याला थोड्या खर्चात तेथे जाता येई. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते मोडीत निघाले. आता मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर सरळ उच्च न्यायालयात जावे लागते. ज्यांनी कामगार न्यायालय आणि उच्च न्यायालय या दोन्ही पायऱ्या चढल्या आहेत त्यांना फरक समजावून सांगण्याची गरज नाही. झाडीपट्टीतला एखादा हौशी पोरगा उद्या चित्रपट काढील तर त्याला वकिलाच्या फीपेक्षा दृश्य काढून टाकणे स्वस्त पडेल.

मोठ्या निर्मात्यांना ती वाट परवडते. 'उडता पंजाब'ला 'ए' देण्याचे ठरल्यावरही मंडळाने कापावयाच्या जागांची मोठी यादी दिली होती. १३ जून २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका जागेपलीकडे कात्री मान्य केली नाही. प्रेक्षक प्रौढच आहेत असे एकदा ठरविल्यावर त्याच प्रौढांपासून शब्द लपवावयाचे, हे तर्काला कसे धरून आहे? चाळणी लावली की कात्री खाली ठेवावी, असे माझे मत आहे. तसे क्वचित घडतेही. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसून मजुरी मिळविणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो. २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून तो ऐन वेळी काढण्यात आला. पुढे २०१८ च्या जानेवारीत एका विशेष समितीने त्याला काहीही न कापता 'ए' दिला आणि एप्रिलमध्ये तो लोकांनी पाहिला. त्या बाईचे काम हे काम आहे, हे जसेच्या तसे पाहण्याचा हक्क मोठ्या माणसांना मिळाला, तो 'ए' या अक्षरामुळेच. शेरा असा ढालीसारखाही उपयोगी पडतो.

आता गिरणगावाकडे वळतो. मुंबईचा १९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्या आम्हा संघटनेच्या लोकांना नव्याने सांगाव्या लागत नाहीत. जयंत पवारांनी त्या उद्ध्वस्त घरांतल्या पोरांची कथा लिहिली. तिच्यावर महेश मांजरेकर यांनी 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' हा चित्रपट काढला. तो 'ए' शेरा घेऊन १४ जानेवारी २०२२ रोजी लागला. त्याच्या जाहिरातीच्या झलकीवरून गदारोळ उठला. चित्रपटगृहाच्या दारावर अठरा वर्षांची अट होती, पण झलक इंटरनेटवर कोणालाही दिसत होती. शिवाय अल्पवयीन मुले कामवासनेच्या प्रसंगात दाखविल्याची तक्रार होती. राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला लिहिले, झलकीतून दृश्ये काढण्यात आली, आणि प्रकरण पोलिसांत व न्यायालयातही गेले.

चित्रपट चांगला की वाईट हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यातून दिसलेली गोष्ट निराळी आहे. वयाचा शेरा खुर्चीतल्या मुलाचा विचार करतो. पडद्यावरच्या मुलाचा करीत नाही. 'ए' चित्रपटात काम केलेले पोर तोच चित्रपट कायद्याने पाहू शकत नाही, इतका हा विरोधाभास आहे. पडद्यावरच्या मुलासाठी कायदा वेगळा, तो बालमजुरीचा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, पण चित्रपटात काम करण्याला अटींवर सूट आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावयाची, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेवावयाचा. उद्या वैनगंगेच्या काठी कोणी चित्रीकरणाला आले आणि गावातली पोरे गर्दीत उभी केली, तर हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

येथे एक आडवळण घेतो. पूर्वी प्रत्येक चित्रपट प्रमाणपत्रासाठी मंडळाकडे आला की त्यावर सिनेकामगारांच्या कल्याणनिधीचा उपकर घेत. १९८१ च्या कायद्याची ही तरतूद. विडी कामगारांच्या निधीसारखीच ती होती. त्याच धर्तीवर दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती. चित्रपटाचा उपकर २०१६ साली गेला, विडीचा २०१७ साली. आता नायकाने पडद्यावर विडी पेटविली की खाली आरोग्याचा इशारा येतो. इशारा योग्यच आहे. पण विडी वळणारीच्या मुलीला जी शिष्यवृत्ती मिळे तिच्यामागचा हक्काचा झरा आटला, याचा इशारा कोणत्याच पडद्यावर येत नाही.

असो. पुन्हा दाराकडे येऊ. राज्यघटनेने चित्रपट पास करण्याचे काम केंद्राकडे दिले आणि सिनेमागृहे राज्यांकडे दिली. त्यामुळे शेरा देते केंद्राचे मंडळ; पण सिनेमागृहाचा परवाना जिल्ह्यात जिल्हाधिकारी देतात, आणि शेरा पाळला जातो की नाही हे पाहणे राज्याच्या पोलिसांचे व महसुली अधिकाऱ्यांचे काम. मंडळाचा कोणी शिपाई आपल्या गावात येत नाही. प्रत्यक्षात हा सारा कायदा येऊन थांबतो तो आठ-दहा तास उभे राहणाऱ्या त्या डोअरकीपरच्या बोटांत, तो तिकीट फाडतो तिथे.

एका तालुक्याच्या गावातली गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका डोअरकीपरने 'ए' चित्रपटाच्या खेळाला आलेली नववी-दहावीची सहा-सात मुले परत पाठविली. तिकीट खिडकीने त्यांना तिकिटे दिली होती. पोरांनी पैसे परत मागितले, आरडाओरडा झाला, आणि संध्याकाळी व्यवस्थापकाने त्या माणसाचाच एक दिवसाचा पगार कापला: गिऱ्हाईक घालविले म्हणून. आम्ही व्यवस्थापकाला एवढेच म्हटले की, 'ए' खेळाला वय न पाहता आत सोडावे, असा लेखी हुकूम द्या. आमचा माणूस तो पाळील. लेखी कोण देतो? पगार परत मिळाला आणि तिकीट खिडकीवर वयाची पाटी लागली. कायद्याचे बोट चित्रपट दाखविणाऱ्याकडे आहे, मुलाकडे नाही आणि नोकराकडे तर मुळीच नसावे. पण मालक तोंडाने काही न सांगता नोकराला पेचात टाकतो, हा सगळ्याच धंद्यांतला अनुभव आहे.

याच्या उलट अमेरिकेची रीत पाहा. तेथे १९६८ पासून शेरे आहेत, पण ते सरकारचे नव्हेत. चित्रपटवाल्यांच्या संघटनेने स्वतःच चालविलेली ती पद्धत आहे. दारावर ती पाळली जाते ती धंद्याच्या आपसांतल्या करारामुळे. इंग्लंडात शेऱ्याबरोबर तो का दिला याचे थोडक्यात कारणही देतात: भीतीदायक प्रसंग, शिवराळ भाषा, असे. मला ही कारण सांगण्याची पद्धत फार आवडते. 'तेरा' या आकड्यावरून आईला काही कळत नाही. 'रक्तपात आहे' म्हटले की कळते. आणि आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाला तर वयाच्या पायऱ्याच नाहीत. संहिता तपासली जाते, पण रात्रभराच्या प्रयोगाला सारे घर येते, पोर आईच्या मांडीवर झोपते आणि लावणी लागली की जागे होते. त्याने पिढ्या बिघडल्या असे मला तरी दिसले नाही. मोठी माणसे शेजारी बसलेली असतात, हे त्याचे कारण असावे.

शेजारी मोठे माणूस असणे, येथेच आजचा खरा प्रश्न आहे. दूरचित्रवाणीवर 'ए' चित्रपट दाखविण्याविरुद्ध मुंबईतल्या एका प्राध्यापिकेने उच्च न्यायालयात दाद मागितली. २००५-०६ च्या सुमारास न्यायालयाने तसे चित्रपट घरोघरच्या पडद्यावर दाखविण्यास मनाई केली. तेव्हापासून 'ए' चित्रपट दूरचित्रवाणीसाठी पुन्हा कापून 'यूए' करून घ्यावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यात जागा दिली. मोबाइलवरच्या चित्रपटांचे मात्र वेगळे आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांनी तेथेही सात, तेरा, सोळा आणि 'ए' असेच गट सांगितले. पण तेथे मंडळ नाही. शेरा दाखविणारी कंपनी स्वतःच देते. तेरा व त्यापुढच्या गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय ठेवावी आणि कारणाचा उल्लेख करावा, असे ते नियम सांगतात.

कुलूप आहे, पण किल्ली कोणाकडे? आमच्या विडी कामगार बाया पहाटे पाने कापावयास बसतात. रोवणीच्या दिवसांत घरात दिवसभर मोठे माणूस नसते. घरात मोबाइल एकच, त्याचे खाते थोरल्या मुलाने उघडलेले, आणि गुप्त आकडाही त्यालाच ठाऊक. 'पालकांनी विचार करावा' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो पालक होता तो संध्याकाळी सहाला घरी येऊन दिवाणखान्यात मुलाशेजारी बसणारा होता. म्हणून आम्ही संघटनेच्या सभेत किमान वेतनाच्या बोलण्यानंतर दहा मिनिटे या गोष्टीला देऊ लागलो. मोबाइलवर मुलांसाठी वेगळे खाते कसे उघडावयाचे, गुप्त आकडा आईने कसा घालावयाचा, 'यूए १३ अधिक' म्हणजे काय, हे दाखवितो. बाया पटकन शिकतात. शाळेतल्या शिक्षकांनी पालकसभेत हेच करावे, वाचनालयानेही करावे; त्याला काही खर्च नाही.

आणि गावातल्या सिनेमागृहात 'ए' खेळाला मुले सर्रास सोडतात असे दिसले तर काय करावे, हेही विचारले जाते. मुंबईच्या मंडळाला पत्र लिहून उपयोग थोडा. तक्रार ठाण्यावर आणि जिल्हाधिकारी कचेरीत द्यावी, कारण परवाना तेथला. तिकिटाचा उरलेला तुकडा अर्जाला जोडावा. तारीख, खेळाची वेळ, चित्रपटाचे नाव आणि पडद्यावर पाहिलेला शेरा एवढे लिहिले की पुरे. अर्जाची पोच शिक्का मारून घ्यावी. मुलांची नावे लिहू नयेत, आणि डोअरकीपरचेही लिहू नये. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याचे लिहावे.